सोडिअमचा अकरावा इलेक्ट्रॉन

"मध्यभागी युवराज," बावडेकर सर म्हणाले. "केंद्रकात दुसरं कोण शोभणार? तुम्हीच सांगा, बाई."

मैदानावर एप्रिलचं ऊन मी मी म्हणत होतं. आमचा शिपाई ईश्वरा खुंटीला दोरी बांधून, वाकून वाकून फक्कीची वर्तुळं आखत होता. सर मुख्याध्यापक, म्हणून छत्रीखाली उभे होते आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, डोक्यावर पदर घेऊन.

"अणूचं जवळजवळ सगळं वजन केंद्रकात असतं, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणाले."

"मग झालं तर. अध्यक्षांचा नातू तिथंच पाहिजे."

अध्यक्ष म्हणजे आबासाहेब. शाळा त्यांच्या संस्थेची, मैदान त्यांच्या संस्थेचं आणि बावडेकर सरांचा कणाही त्यांच्या संस्थेकडेच जमा होता. नातवाचं नाव युवराज. बारशाला ते नाव ठेवताना घरातल्या एकालाही हसू आलं नव्हतं, यावरून घर कसं असेल ते ओळखा. पोरगा तसा वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडी हुशारी लागते.

गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आमच्याकडे एक मेला आधी झेंडावंदन, मग निकाल आणि आईबाप आयतेच आलेले असतात म्हणून त्यांच्यापुढं एखादा कार्यक्रम, अशी पद्धत होती. त्या वर्षी पाहुणे म्हणून पुण्याचे कुणी डॉ. आय. व्ही. शेटे यायचे होते. जन्मभर धातूंवर संशोधन केलेले आणि आता आईच्या नावानं वसतिगृह चालवणारे. दर उन्हाळ्यात ते गावोगावच्या शाळांतून एकेक दहावी झालेलं मूल निवडायचे. अकरावी-बारावी विज्ञान, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडं. आमच्या शाळेतून एक मूल जाणार होतं. ते कोण, हे बावडेकर सरांनी पाहुण्यांच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

"विज्ञानाचं काहीतरी दाखवा, पण समजेल असं," असं मला फर्मान निघालं. म्हणून मी मुलांचेच अणू करायचं ठरवलं. सोडिअम हा धातू. त्याच्या अणूत मध्ये केंद्रक आणि भोवती अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या वर्तुळात दोन, दुसऱ्यात आठ आणि तिसऱ्या, सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात एकटा एक. या एकट्याला सोडिअम धरून ठेवू शकत नाही. शेजारी क्लोरीन असेल आणि त्याच्या बाहेरच्या वर्तुळात एक जागा रिकामी असेल, तर हा उठून तिकडं जातो आणि दोघांचं मिळून मीठ होतं. एवढीच गोष्ट. आठवीच्या पोराला कळते. सरांना कळायला जड गेली, कारण सर इतिहासाचे होते आणि इतिहासही त्यांना फारसा कळत नसे.

त्यांना कळत होता तो मानपान. लग्नात पहिल्या पंगतीला कोण आणि व्यासपीठावर खुर्ची कुणाला, हा त्यांचा खरा विषय. त्यांनी माझ्या अणूकडं पाहिलं आणि तिथंही पंगत मांडली. मध्यभागी युवराज. पहिल्या वर्तुळात दोन संचालकांची दोन मुलं. दुसऱ्यात बाजारपेठेतली आठ.

"आणि हा इतका लांब, एकटा कोण?"

"अकरावा इलेक्ट्रॉन, सर. संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात त्याला."

"तो काय करतो?"

"तो सोडून जातो."

सरांनी तोंड वाकडं केलं. "सोडून जातो? मग तिथं कुणीही चालेल. ईश्वराची पोरगी घ्या."

ईश्वरानं ऐकलं असणार. दोरी धरून तो तसाच वर्तुळ आखत राहिला. मी कपाळाला आठ्या घातल्या, थोडी कुरकूर केली आणि "बरं, तुम्ही म्हणता तर," असं म्हणाले. माझ्या मनात पहिल्यापासून मालनच होती. मी तिचं नाव घेतलं असतं तर सरांनी ते खोडलं असतं. इतकी वर्षं त्या शाळेत काढल्यावर एवढं शहाणपण मला आलं होतं.

कारण सगळ्या गमतीत त्या अकराव्यालाच बोलायचं होतं. त्यालाच चालत जायचं होतं आणि सगळे डोळे त्याच्यावरच राहणार होते. बाकीचे नुसते उभे. पण लांब म्हणजे हलका, हे सरांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं, की ते त्यांना दिसलंच नाही.

मालन ही ईश्वराची थोरली. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. ईश्वराचं कुटुंब शाळेच्या मागच्या एका खोलीत राहायचं. खोली संस्थेची, नोकरी संस्थेची, तीही कायम नाही. आमच्या गावात दहावीनंतर विज्ञान शाखा नव्हती आणि मालनचं पुढं काय, याचा निकाल बंगल्यावर लागलेला होता. आबासाहेबांच्या सूनबाईंनी सांगून ठेवलं होतं, जूनपासून पोरगी वरकामाला पाठव, हाताची स्वच्छ आहे. ईश्वरानं मान डोलवली होती.

तालमीत तिनं एकदा मला विचारलं, "बाई, तो का जातो? कोण हाकलतं त्याला?"

"हाकलत कुणी नाही गं. केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये दहा जण उभे असतात. ते अडवतात."

"म्हणजे केंद्रकाला तो नको असतो असं नाही."

"तसं नाहीच. पण धरायला जोर पुरत नाही."

तिनं मधले दहा जण बोटांवर मोजले. मग म्हणाली, "आणि दुसरं कुणी शेजारी नसेल, सगळे सोडिअमच असतील, तर जातो कुठं?"

दहावीच्या पुस्तकात नव्हतं ते मी तिला सांगितलं. धातूच्या तुकड्यात सगळ्यांचेच बाहेरचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, कोण कुणाचा ते उरत नाही. तिला ते पटलं नाही. दोन दिवस माझ्याशी वाद घातला पोरीनं. इतकी वर्षं शिकवून मला एवढा आनंद क्वचितच झाला असेल.

क्लोरीनला मी 'ब' तुकडी घेतली होती. त्यात राजाभाऊ मान्यांचा पुतण्या होता. या राजाभाऊंनी आदल्याच वर्षी बाजार समितीच्या निवडणुकीत आबासाहेबांना चारी मुंड्या चीत केलं होतं. पुतण्या क्लोरीनच्या बाहेरच्या वर्तुळात, रिकाम्या जागेला लागून, हात पुढं करून उभा राहणार होता. मी ते मुद्दाम केलं असं नंतर गावभर झालं. मुद्दाम कसलं, मुलं उंचीप्रमाणं उभी केली होती. आणि त्याचा हात धरणार होती मालन, तेव्हा कुणाचं काय बिघडत होतं?

एक मे उजाडला. झेंडा फडकला, निकाल वाटले, मार खाणाऱ्या पोरांनी मार खाल्ला. तेवढ्यात जीप आली आणि तिच्यातून डॉ. आय. व्ही. शेटे उतरले. म्हणजे उतरल्या. इंदुमती शेटे. साठीच्या पुढच्या, कापलेले पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. सरांच्या हातात बांधायला तयार ठेवलेला फेटा होता. त्यांनी एकदा फेट्याकडं पाहिलं, एकदा बाईंकडं आणि फेटा मागच्या मागं ईश्वराच्या हातात कोंबला. आबासाहेबांनी नारळावर भागवलं.

ऑफिसात चहा झाला. मी मैदानावर मुलांना उभं करत होते. एवढ्यात बावडेकर सर जवळजवळ पळतच आले.

"बाई, घोटाळा झाला. अदलाबदल करा."

"कसली?"

"युवराज बाहेर आणि ईश्वराची पोरगी मध्ये. मॅडम म्हणतायत, जन्मभर मी धातूच्या शेवटच्या इलेक्ट्रॉनचाच अभ्यास केला, बाकीच्या अणूत मला रस नाही. तो इलेक्ट्रॉन ज्या मुलाला केलं असेल, त्यालाच मी प्रश्न विचारणार." सरांनी घाम पुसला. "हे तुम्ही मला आधी सांगायला नको?"

"काय सांगायला?"

"की महत्त्वाचा तो असतो म्हणून."

"सर, मालन पंधरा दिवस भाषण पाठ करतेय. युवराजला येतं का त्यातलं एक वाक्य?"

"चिठ्ठी द्या त्याच्या हातात."

"तो चिठ्ठी तरी वाचेल का?"

"हुपरीकर बाई," सर म्हणाले. पूर्ण आडनाव घेतलं की आबासाहेब बोलतायत असं समजायचं. "मला वाद नकोय. अदलाबदल करा."

मला सेवेत कायम होऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळं मी भीत कुणाला नव्हते. मी चांगले दोन शब्द सुनावलेही. पण सरांनी मला वळसा घातला, स्वतःच्या हातानं युवराजला बाहेर ओढलं आणि मालनला मध्ये नेऊन स्टुलावर बसवलं. केंद्रकाचा, 'अधिक अकरा' लिहिलेला पुठ्ठा युवराजच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात अडकवला. मी तिच्याजवळ गेले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

"असू दे बाई," ती म्हणाली. "मला सगळ्यांचंच काम माहीत आहे." पण खालचा ओठ दाताखाली धरला होता तिनं.

कार्यक्रम सुरू झाला. मैदानाभोवती आईबाप, व्यासपीठावर आबासाहेब, संचालक आणि शेटे मॅडम. सरांच्या हातात माइक. माइक हातात आला की त्यांच्या आवाजाला तूप सुटायचं.

युवराजनं चिठ्ठी वाचली. "मी सोडिअमचा अकरावा इलेक्ट्रॉन आहे. मी सगळ्यात बाहेर, बाहेरच्या..." तो अडला. चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागं काही नव्हतं. "आता मी जातो," असं म्हणून त्यानं विषय संपवला आणि क्लोरीनकडं चालू लागला. समोरून मान्यांच्या पुतण्यानं हात पुढं केला.

व्यासपीठावरून आबासाहेबांचा आवाज आला. त्यांना माइक लागत नसे.

"युवराज. कुठं चाललास?"

पोरगा दोन अणूंच्या मध्ये थांबला.

"आजोबा, तिकडं जायचंय."

"कुणाकडं?"

युवराजनं मान्यांच्या पुतण्याकडं बोट दाखवलं. आबासाहेबांनी ते बोट कुठं गेलं ते पाहिलं. मग बावडेकर सरांकडं पाहिलं. सरांचा चेहरा असा उतरला, की मी तो आजही डोळ्यांपुढं आणून हसू शकते.

"आमचा पोरगा मान्यांच्या दारात जायचा नाही," आबासाहेब म्हणाले. "मागं फिर."

माइक सरांच्याच हातात होता, आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. मग ते बोलले. जे बोलले ते मी शब्दशः सांगते, कारण असं वाक्य जन्मात एकदाच ऐकायला मिळतं.

"तर पालकहो, सोडिअमनं आपला इलेक्ट्रॉन देऊ केलेला होता. परंतु काही कारणास्तव त्याचा विचार बदललेला आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं केलं.

"मान्यांच्या पोरानं इकडं यावं," आबासाहेब म्हणाले.

सरांनी लगेच माइक तोंडाला लावला. "आता क्लोरीनचा इलेक्ट्रॉन सोडिअमकडं येत आहे."

मान्यांचा पुतण्याही काही कमी नव्हता. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मी येत नाही," म्हणाला.

"मग अख्ख्या क्लोरीननंच इकडं यावं," सर म्हणाले.

आणि आला हो. सतरा मुलं आणि मध्ये एक केंद्रक, असा अख्खा अणू भर उन्हात फक्की पुसत सोडिअमकडं सरकू लागला. कुणी कुणाच्या पायावर पाय देतंय, केंद्रक झालेल्या पोराचं स्टूल कोण उचलणार यावरून भांडण. मी कपाळाला हात लावून उभी राहिले. विज्ञानाची एवढी बेअब्रू मी पाहिली नव्हती.

तेवढ्यात शेटे मॅडम उठल्या. कुणाला न विचारता व्यासपीठावरून उतरल्या आणि त्या कॅनव्हासच्या बुटांनी सरळ वर्तुळात आल्या.

"थांबा सगळे," त्या म्हणाल्या. सगळे थांबले. त्या युवराजपुढं उभ्या राहिल्या. "तू का थांबलास?"

"आजोबा नको म्हणाले."

"तू इलेक्ट्रॉन आहेस. इलेक्ट्रॉन कशानं थांबतो?"

युवराजनं चिठ्ठी पुन्हा उलटी केली. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

मॅडम वळल्या. स्टुलावरच्या मालनकडं गेल्या. "तू केंद्रक. तू धरून ठेवलंयस का याला?"

मालन उभी राहिली. "नाही मॅडम. माझी ओढ त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. मध्ये दहा जण आहेत."

"मग कोणी धरलंय?"

तिनं व्यासपीठाकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

"ते या वर्तुळांत नाहीत, मॅडम."

आधी मागच्या रांगा हसल्या. मग मधल्या. पुढच्या रांगेतल्यांनी आबासाहेबांकडं एकदा पाहिलं आणि रुमालात हसले. मी मात्र मोकळी हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "सोडिअमच्या जागी पोटॅशिअम असतं तर?"

"आणखी एक वर्तुळ वाढलं असतं. अजून लवकर सुटला असता."

"आणि क्लोरीन नसेलच, नुसता धातूच असेल तर?"

"मग सगळ्यांचेच बाहेरचे मोकळे. कोण कुणाचा ते सांगता येत नाही. त्यांच्यातूनच वीज जाते."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"बाईंनी."

"आणि तुला लगेच पटलं?"

"नाही मॅडम. आपला माणूस असा कसा कुणाचाही होईल, असं वाटायचं. मग बाईंनी तार आणि बॅटरी लावून दाखवलं, तेव्हा पटलं."

"नाव काय तुझं?"

"मालन ईश्वरा बनसोडे."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बावडेकर सरांना लांबूनच सांगितलं, "मुख्याध्यापक, मी हिला नेते."

ऑफिसात परत चहा मांडला गेला. आबासाहेब मुरलेले गृहस्थ. मैदानावर झालं ते मैदानावर ठेवून ते गोड आवाजात बोलू लागले.

"मॅडम, पोरगी हुशारच. आमच्या शाळेची आहे. पण घरची परिस्थिती बघायला हवी. आई शेतात मजुरीला जाते, पाठीवर दोन धाकटी. बाप पाठवायचा नाही. त्यालाच विचारा."

ईश्वरा चहाचा ट्रे धरून दारात उभा होता.

"काय रे ईश्वरा," बावडेकर सर म्हणाले, "एवढ्या लांब पोरगी पाठवणार आहेस का तू?"

ईश्वरा ट्रेमधल्या कपांकडं बघत राहिला. मॅडम त्याच्याकडं, मी त्याच्याकडं. बोल ना बाबा, एकदा तरी तोंड उघड. मला त्याची मान धरून हलवावीशी वाटत होती.

"साहेब म्हनतील तसं," तो म्हणाला.

संताप संताप झाला माझा. आबासाहेबांचा राग येतो, बावडेकर सरांची कीव येते, पण अशा माणसाचं काय करायचं? स्वतःच्या पोरीला पुण्याचं दार उघडतंय आणि हा कप मोजतोय.

"आबासाहेब," मी म्हणाले, "जूनपासून हिला तुमच्या बंगल्यावर भांडी घासायला बोलावलंय, हेही मॅडमना सांगा की."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले. आबासाहेब मंद हसले. "घरच्यासारखी वागवू तिला. बाईंना उगाच राग येतो." मग मॅडमना म्हणाले, "असं करू. घाई कशाला? मी स्वतः ईश्वराला समजावतो. तुम्हाला निरोप धाडतो."

"ठीक आहे," शेटे मॅडम म्हणाल्या. "आमचा उजळणीचा वर्ग आठवड्याभरात सुरू होतोय. पण तिच्यासाठी जागा जूनपर्यंत ठेवते. तोवर कळवा."

एवढी शिकलेली बाई, धातूच्या शेवटच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोचलेली, आणि तिला वाटत होतं की आमच्या गावात जूनपर्यंत काही शिल्लक राहतं. मी तिला बाहेर गाठलं. "मॅडम, हे निरोप धाडणार नाहीत."

"वडिलांची संमती नसेल तर मी काय करू, बाई? उचलून नेऊ?"

त्या जीपमध्ये बसल्या. व्हरांड्यात आबासाहेब, सर, संचालक निरोप द्यायला उभे. जीप वळून फाटकापाशी गेली आणि थांबली, कारण फाटक बंद होतं आणि फाटकाला पाठ लावून ईश्वरा उभा होता. शेजारी मालन, गळ्यात अजून तो पुठ्ठा.

"अरे ईश्वरा, फाटक उघड," सर व्हरांड्यातून ओरडले.

तो हलला नाही. मी तरातरा चालत तिकडं गेले. जाताना मला वाटत होतं, आता हा मॅडमच्या पाया पडणार, रडणार, माफी मागणार आणि पोरीचं उरलंसुरलंही घालवणार.

त्यानं जीपच्या खिडकीला हात लावला.

"बाईसाहेब, जूनला इचारू नका मला. उद्याबी इचारू नका. उद्या मी न्हाई म्हननार."

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"आज सांच्याला बंगल्यावरनं बोलावनं येनार. मी जानार, हात जोडनार आन् ते म्हनतील तसं म्हननार. मी माझा मला ठावा हाय. आयुष्य गेलं तसंच." आवाज सरळ होता त्याचा. "आत्ता म्हाताऱ्या आईची शपथ घेऊन हो म्हनतो. हो हाय तोवर घेऊन जावा."

"हिचे कपडे? सामान?"

"हाय ते अंगावर हाय."

मॅडमनी मालनकडं पाहिलं. "तुला यायचंय?"

"हो," ती म्हणाली. मग बापाकडं वळली. "आप्पा, पण तुम्ही..."

"तू बोलू नगंस. गाडीत बस."

तिनं पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला आणि ती बसली. मॅडम सरकल्या, तिला जागा करून दिली. मी पर्समधला कंगवा, रुमाल, जे हाताला लागलं ते खिडकीतून तिच्या मांडीवर टाकलं. मला रडू फुटलं होतं, आणि मी काही रडणाऱ्यांतली नाही.

"फाटक उघड म्हटलं ना," सर पुन्हा ओरडले. लांबून त्यांना काही दिसलेलं नव्हतं.

"उघडतो साहेब," ईश्वरा म्हणाला आणि त्यानं फाटक उघडलं. जीप गेली. त्यानं फाटक लावलं, कडी घातली आणि ऑफिसातले कप विसळायला गेला. मी त्याला काहीतरी बोलायला गेले, पण त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मघाशी ज्या माणसाची मान मला हलवावीशी वाटत होती, त्यानं विसळलेले कप मी पुसून ठेवले.

संध्याकाळी बंगल्यावरून बोलावणं आलंच. मी तिथं नव्हते, पण बावडेकर सर होते आणि सरांच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी चवीनं सांगितलं. आबासाहेबांनी खोली काढून घेईन म्हटलं, नोकरीवरून काढीन म्हटलं. ईश्वरा हात जोडून उभा. चुकलं साहेब, उद्याच पोरगी बोलावून घेतो, म्हणाला.

"वाकला की नाही?" सर म्हणाले. "वाकतातच."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी विचारलं, तेव्हा तो तेच म्हणाला. जूनमध्ये सूनबाई स्वतः फाटकापाशी गाडी थांबवून बोलल्या, तेव्हा तेच. गणपतीत तेच, दिवाळीत तेच. त्याला काढून टाकायला निमित्त मिळेना, कारण माणूस कधी नाही म्हणतच नव्हता. पोरीची बारावी होईपर्यंत, दर वेळी, टोपी काखेत धरून, मान खाली घालून तो म्हणत राहिला, "व्हय साहेब. उद्याच बोलावून घेतो."